रामटेके काका आणि पॉजचं बटण

रामटेके काका जेवायला येणार म्हटलं की मी आधी व्हीसीआरचा रिमोट लपवून ठेवी. तो त्यांच्या हाती लागला की सात मिनिटांचं कार्टून संपायला पाऊण तास लागे, आणि तोवर आमटी दोनदा गरम करावी लागे.

काका मूळचे नागपूरचे. न्यू जर्सीत पुलांची ड्रॉइंग्ज करत. एकटेच राहत. दर शनिवारी गराज सेल पालथे घालून जुन्या कार्टूनच्या टेप्स आणत आणि एडिसनमधल्या आमच्या घरी मुलांना गोळा करून बसत. टीव्हीवरची कार्टून्स त्यांना चालत नसत, कारण तिथे नको ते तुकडे कापलेले असत. काकांना नेमके तेच तुकडे हवे असत.

पडद्यावर कुत्र्याच्या हातात बॉम्ब फुटे. धूर विरला की कुत्र्याचं तोंड काळंभोर, ओठ जाडजूड आणि बोलणं वेंधळं, म्हणजे काळ्या लोकांची टिंगल. मुलं हसायला तोंड उघडत तोच काका म्हणत, "थांबा. इथे थांबा."

पॉज. चित्र थरथरत उभं राही.

"हे ओठ कुणी काढले?"

"काका, इट्स जस्ट अ कार्टून," आमची आठ वर्षांची केतकी कंटाळून म्हणे.

"कार्टून आपोआप उगवत नाही बेटा. माणूस टेबलाशी बसतो, पेन्सिल धरतो, चहा पितो आणि काढतो. हात एकदा घसरतो. प्रत्येक चित्रात नाही घसरत."

"मग बघताच कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं. "कापलंय ते बरंच केलंय की."

"वा देशपांडे. कापलं की ज्यानं काढलं तो सुटला."

म्हणजे हसायचंही नाही, कापायचंही नाही, फक्त थांबवायचं. बायको स्वयंपाकघरातून ओरडे, "काका, त्या कुत्र्याला सोडा आता, पोळ्या वाळल्या."

तर एका वर्षी आमच्या मंडळाच्या दिवाळीला मुलांचं नाटक बसवलं. दिग्दर्शक मी, म्हणजे खुर्च्या मांडणारा. केतकी राक्षस. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात दुपारी रंगीत तालीम होती. मेकअपवाल्या वहिनींनी कोल्ड क्रीममध्ये काजळ कालवून केतकीच्या तोंडाला फासलं, ओठांभोवती लिपस्टिकचा जाड पट्टा ओढला आणि म्हणाल्या, "मुळात सावळीच आहे, रंग कमी लागला." सगळे हसले. मीही हसलो, दिग्दर्शकाला सगळ्यांना धरून राहावं लागतं.

काका पहिल्या रांगेत होते. केतकी मंचावर आली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता गेली तालीम. पण काका उठले आणि मुकाट्यानं बाहेर गेले.

मी चिडूनच मागे गेलो. एरवी माझ्या घरात थांबा थांबा करणारा माणूस आज काहून गप्प, असं त्यांच्याच भाषेत विचारणार होतो. काका पार्किंग लॉटमध्ये आपल्या गाडीत बसले होते. दार उघडंच होतं.

"म्हणायचं होतं," ते म्हणाले. "आवाज निघाला नाही."

काका पुढे बोलू लागले.

"शाळेत गॅदरिंगला दरवर्षी राक्षस मीच. गुरुजी म्हणायचे, रामटेकेला घ्या, रंगाचा खर्च वाचतो. पोरं हसायची. आई मागे भिंतीशी उभी राहून टाळ्या वाजवायची. तिला वाटायचं, पोराला मोठं काम मिळालं. तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी आत गेलो आणि वहिनींना म्हणालो, "रंग काढा."

"अहो, अर्धा तास गेला लावायला."

"काढा."

सिंकपाशी तोंड धुता धुता केतकीनं विचारलं, "देन हाउ विल दे नो आय ॲम द राक्षस?"

दिग्दर्शकानं तिला तशीच ओल्या तोंडानं पार्किंग लॉटमध्ये नेलं आणि प्रश्न काकांसमोर ठेवला.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. खिशातला रुमाल काढून तिच्या कानामागे राहिलेलं काजळ पुसलं. मग गाडीतून उतरले, कोटाची बटणं सोडली, पाय फाकवून उभे राहिले आणि छाती फुगवून चार पावलं अशी टाकली की गाडीच्या ट्रंकमधून लाडवांचे डबे काढणाऱ्या दोन बायका हातातलं काम विसरून बघत राहिल्या. पुढे त्यांनी राक्षसाचं भाषण म्हटलं. आमच्या नाटकातलं नव्हे, त्यांच्या शाळेतलं. एक शब्द अडला नाही.

"आता तू," काका म्हणाले. "पोटातून हास बेटा. वरच्या वर नको."