बसते, पण ओळखत नाही

दातकाकांचा आणि त्यांच्या मुलाचा फोन दर रविवारी ठरल्यासारखा व्हायचा. "कसा आहेस?" "बरा आहे." "जेवलास?" "हो." मग दोन्हीकडे घसा खाकरला जायचा आणि काका म्हणायचे, "थांब, आईला देतो." एकदा फोन काकूंकडे गेला, की पेपर वाचायचं सोंग करून ते पलीकडचा पुसट आवाज ऐकत बसायचे. मुलगा दूरच्या शहरात पुलांचा इंजिनिअर होता. सुट्टी मिळाली की येतो, म्हणायचा. सुट्टी काही मिळत नव्हती.

उभा जन्म कवळ्या बनवण्यात गेला, म्हणून गल्लीत त्यांना दातकाकाच म्हणत. हल्ली काम कमी झालं होतं. दुपारी ते मुलाने मागे ठेवलेला लॅपटॉप उघडून त्याचे जुने फोटो बघत. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की मधे काकांची एक डुलकी व्हायची. एका रविवारी "जेवलास?"च्या पुढे काहीतरी बोलावं, म्हणून त्यांनी ही तक्रार सांगितली.

"एसएसडी टाका त्यात, ती नवी वेगवान डिस्क. पळायला लागेल," मुलगा म्हणाला. "पण आधी आपल्या लॅपटॉपला कुठली चालते ते बघा. खाली मॉडेल नंबर असेल, तो सांगा मला."

काकांनी लॅपटॉप उलटा केला. नंबर पार घासून गेला होता. मुलापुढे अडाणी ठरायचं त्यांच्या जिवावर आलं. "बघतो मी," म्हणाले आणि फोन आईला दिला.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने विचारलं, "लॅपटॉप कुठला आहे?"

"काळा," काका म्हणाले.

दुकानदाराने सगळ्यात वेगवान म्हणून एक बोटभर पट्टी दिली. घरी येऊन काकांनी लॅपटॉपचं पोट उघडलं. पट्टी बसायची जागा सापडली, पण पट्टीची खाच एका बाजूला आणि जागेतला दात दुसऱ्या बाजूला. काकांचा हात आपसूक कानशीकडे गेला. न बसणारी वस्तू त्यांनी आजवर घासूनच बसवली होती. काकूंनी कानस उचलून पदराखाली धरली. "आधी त्याला विचारा," त्या म्हणाल्या.

रविवार नसताना बाबांचा फोन बघून मुलगा घाबरला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. पट्टी बसत नाहीये."

"थांबा, व्हिडिओ लावतो. कॅमेरा लॅपटॉपकडे करा. बाबा, मला तुमचा कान दिसतोय. आता पंखा दिसतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलेली दोन खाचांची पट्टी आली. ती अगदी चपखल बसली, पण लॅपटॉप तिला ओळख दाखवेना. पुन्हा फोन. मुलगा सांगेल तसं काका लॅपटॉप बंद करत, सुरू करत. तो सुरू होईपर्यंत दोघांना नुसतं एकमेकांकडे बघत बसणं अवघड जायचं, म्हणून बोलावं लागलं. मुलगा म्हणाला, भाजी करपली आज. मग म्हणाला, संध्याकाळी खोलीवर जावंसंच वाटत नाही, उगीच साइटवर रेंगाळतो. काका स्क्रूशी खेळत म्हणाले, "मी कामाला तुझ्याच खोलीत बसतो हल्ली. उजेड बरा येतो तिथे." त्या खोलीच्या खिडकीला लागूनच अंगणाची उंच भिंत होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग रोजच फोन व्हायला लागला. काकूंची पाळीच येईना.

शेवटी दुकानदारच कंटाळला. "काका, लॅपटॉपच घेऊन या," तो म्हणाला. त्याने पट्टीचा नाद सोडला, जुनी डिस्क काढून तिच्या जागी एक चपटी एसएसडी सरकवली, जुनं सगळं तिच्यावर उतरवलं आणि बटण दाबलं. काकांनी डुलकीसाठी भिंतीला पाठ टेकेपर्यंत पडदा उजळला होता. फोनवरचे व्हिडिओ कॉल आता यावरही येतील, अशी सोय करून दुकानदाराने अभिनंदनाला हात पुढे केला. काकांनी तो असा हातात घेतला, जणू सांत्वनाला आले होते.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी हिरव्या बटणावर टिचकी मारली आणि मुलाचा चेहरा कधी नव्हे इतका मोठा, स्वच्छ समोर आला. वाळला होता. डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

"काय बाबा, झाला का सुरू?"

"कसला रे," काका त्या चेहऱ्यावरून नजर न हलवता म्हणाले. "अजून ओळखतच नाही. दुकानदारानेही हात टेकले. आठवडाभर तरी जाईल."

मुलाने निरखून पाहिलं; आज त्याला ना कान दिसत होता, ना पंखा. काकू समोर उभ्या राहून कसल्यातरी खुणा करत होत्या. आधी त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं, मग टेबलावर बंद पडलेल्या फोनकडे, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. काकांनी खाली पाहिलं. आपण बोलतोय ते लॅपटॉपवरूनच, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. कानशिलं तापली.

"म्हणजे, तसं..." ते म्हणाले आणि थांबले.

मुलगा कॅमेऱ्याच्या जवळ सरकला. त्याने एकदा नाक ओढलं.

"अवघड केस आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "उद्या मी परत फोन करतो, नीट बघू. तोवर तुम्ही त्याला हात लावू नका बाबा. उगीच दुरुस्त होऊन बसायचा."