वरवाडीच्या पंतोजीचा शेला

धूळपाटीस नमन, बोरूस नमन, आणि ज्या हाताने प्रथम आपले बोट धरून अक्षर गिरविले त्या हातास नमन. बाळांनो, जरा डोळे मिटा आणि मनी आणा की एक राज्य आहे. त्यास नाव नाही, कारण नाव दिले तर कोणी तरी उठून म्हणेल, हे आमचेच. त्यात नदी आहे, डोंगर आहेत, आणि गावोगाव एकेक शाळा, ऐशा तीनशे साठ. शाळेत पोरे मांडी घालून बसली आहेत, पुढे लाकडी पाटी, पाटीवर धूळ पसरलेली. धुळीत बोटाने अक्षर काढावे, चुकले तर तळव्याने सारखे करावे आणि पुन्हा काढावे. इतके दिसले काय? मग ऐका. त्या राज्याच्या आपल्या शकाचे एकशे बारावे वर्ष, बहुधान्य नाम संवत्सर, ते समयीचे हे वर्तमान.

त्या राज्यात चाल ऐशी होती की, पंतोजीने, म्हणजे गावच्या मास्तराने, दोन वर्षे शाळा चालविली की हुजुरातून त्यास जरीकाठी शेला यावा. शेला खांद्यावर पडला की पंतोजी कायम जाहला. मग त्यास देहान्ताशिवाय कोणी उठवू नये. चाल मुळात शहाणपणाची होती. पूर्वी एका सरदाराच्या लेकास बाराखडी येईना, तेव्हा सरदाराने पोराचा दोष पंतोजीवर घालून त्यास वेशीबाहेर काढिले, आणि दुसऱ्याने आपल्या पुतण्याची सोय लावावयास भला पंतोजी उठविला. ऐसे फार होऊ लागले म्हणोन थोरल्या महाराजांनी शेला काढिला. परंतु मनुष्य सावलीस बसले की त्यास झोपही येते. कित्येक शेलेकरी शाळेत येईनात. आसनावर छडी ठेवून जावे, आणि छडी हजर तो पंतोजी हजर, ऐसा शिरस्ता पडला. पोरे सकाळी येऊन छडीस नमस्कार करीत आणि विटीदांडू खेळावयास जात. एका गावचे पंतोजी सासुरवाडीस सात वर्षे राहिले, इकडे छडीस वाळवी लागली, तेव्हा गावाने नवी छडी करून आसनावर बसविली आणि पंतोजींस कळविले की, बंदोबस्त जाहला, चिंता नसावी.

ऐसे चालले असता श्रावणात नदीकाठच्या एका गावी राणीसाहेबांचे हुजुरून पत्र गेले की, वरचे अंगी तळ्याचा बांध खचला आहे, फुटेल ऐसे दिसते, गुरेढोरे घेऊन टेकडीवर जाणे. गावी चाळीस वर्षांची शाळा, परंतु पत्र वाचणारा एक निघेना. पंतोजी लग्नास गेलेले. मग पाटील बोलिले, "खुद्द राणीसाहेबांचा कागद गावात आला, हे काय थोडे जाहले?" आणि पत्र पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले, नारळ फोडिला, आरती केली. तिसरे दिवशी बांध फुटला. माणसे झाडांवर चढून जगली, सतरा बैल गेले. मागाहून जासूद गेला तो कुंकवाने माखलेला कागद तैसाच बंद, मोहोर न फोडिता, हुजूर परत घेऊन आला. राणीसाहेबांनी तो हाती घेतला, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग भाद्रपदात दरबार भरला. तरुण सेनापती बोलिले, "सगळ्यांचे शेले काढावे. भय असले म्हणजे अडेल बैलही वळतो." वृद्ध दिवाण बोलिले, "काढू. परंतु उद्या आपल्या चिरंजीवांस अक्षर न आले तर कोणाचा शेला जाईल, तेही आजच सांगून ठेवा." सभा हसली, आणि सेनापती मिशीस हात लावून खाली बसले. तेव्हा तिमाजीपंत नामे कारकून उठले. अंगाने काटकुळे, नाकावर दोऱ्याने बांधलेली चाळिशी, सारी उमर सरकारी कोठारात धान्य मापण्यात गेली, आणि मापात पाप करू नये हाच त्यांचा धर्म. ते बोलिले, "शेला राहू द्यावा, परंतु वर्षाकाठी शाळा मापावी. प्रत्येक पोरास उभे करून तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी आणि कित्ता, म्हणजे नमुन्याचे पत्र, म्हणवावा. अर्ध्याहून अधिक पोरे अडली तर शेला उतरवावा, सगळी न अडता पार पडली तर पंतोजीच्या हाती मानाचे कडे घालावे. दाणा मापिता येतो, तैसे पोरही मापिता येईल." राणीसाहेब क्षणभर विचार करून बोलिल्या, "मापा. परंतु माप तुमचे, तर जोखीमही तुमची." तिमाजीपंत मुजरा करून बाहेर पडले, आणि नवे पितळी माप घासून लखलखीत केले असता जैसे वाटते तैसे त्यांस दिवसभर वाटत राहिले.

फाल्गुनात पंत फिरतीवर निघाले. डोंगराच्या पायथ्याशी खालवाडी आणि वर एक कोस चढून वरवाडी. खालवाडीस रंगो पंतोजी, पोट मोठे आणि आवाज त्याहून मोठा. चाळीस पोरे रांगेने उभी राहिली, आणि एकोणतीसाचा पाढा ऐसा एका श्वासात सुटला की पिंपळावरले कावळे उडाले. एकही पोर अडले नाही. पंतांनी 'उत्तम' लिहिले आणि कान चोळीत वर चढले. वरवाडीस विसाजी पंतोजी, साठीचे, बोलणे इतके हळू की पोरांस ऐकावयास पुढे सरकावे लागे. त्यांचा शेला धुऊन धुऊन विटला होता, जर केव्हाच गेली होती, आणि एका टोकाने ते धाकट्या पोरांची नाके पुशीत. पोरे तेवीस. त्यांत बारा अडली. सगळ्यांत लवकर अडली ती राही, कोष्टियाची नऊ वर्षांची पोर. सात सक बेचाळीसपर्यंत आली आणि थांबली.

"साती साती?" पंतांनी विचारिले.

"येईल."

"केव्हा?"

"आत्ता नाही, पण येईल."

मागून कोणी फिदीफिदी हसले. पंतांनी राहीच्या नावापुढे 'मंद' लिहिले, मग बोलिले, "पंतोजी, माप भरत नाही." विसाजी बोलिले, "पंत, पोरे कोठवर आली ते आपण पाहिले. कोठून आली ते विचारिले नाही." "ते कलमात नाही." "कलमे कोणी लिहिली?" "आम्ही." विसाजी हसले. "मग कलम लिहिणारास आणखी एक कलम जड नसावे." पंतांस राग आला, कारण बोलणे खरे वाटले, आणि मापणारास मापावाचून काही खरे वाटू नये ऐसा त्यांचा नेम होता. ते चाळिशी पुशीत डोंगर उतरले, आणि हुजूर जाऊन मापाप्रमाणे लिहून दिले.

चैत्रात हुकूम निघाले, आणि ते पोचवावयास लखमा जासूद आणि खुद्द पंत निघाले. पांढऱ्या थैलीत खालवाडीचा मान, काळ्या थैलीत वरवाडीचा शेला उतरविण्याचा हुकूम. त्या कुंकवाच्या कागदापासून नवा नियम जाहला होता की, हुकूम शाळेत सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा, पुजू नये. वाटेत ओढा ओलांडिता पंतांचा पाय शेवाळावर घसरला, दोरा तुटला आणि चाळिशी पाण्यात गेली. लखमा कमरेइतक्या पाण्यात उतरून शोधू लागला, त्यास एक खेकडा सापडला. चाळिशीवाचून पंतांस कागद आणि कपडा एकच. लखम्यास तर अक्षर मुळीच नाही. पंत बोलिले, "चिंता काय? खालवाडीस चाळीस पोरे वाचणारी आहेत."

खालवाडीस गेले तो आसनावर छडी. "पंतोजी कोठे?" "छडी हजर आहे!" पोरे एका सुरात ओरडली. मग पंतांनी पांढऱ्या थैलीतला कागद काढून शाळेतल्या पहिल्या पोराच्या, बाळकोबाच्या, हाती दिला. त्याने ओळीखालून बोट फिरवीत खणखणीत आरंभिले, "तीर्थरूप वडिलांचे सेवेसी, बालकाचे साष्टांग नमस्कार, येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे." पंतांनी हुकूम स्वतः लिहिला होता, त्यात वडील नव्हते, बालक नव्हते आणि क्षेमही नव्हते. त्यांनी कागद परत घेतला, उलटा केला, आणि पुन्हा दिला. बाळकोबाचे बोट पुन्हा फिरले, आणि "तीर्थरूप वडिलांचे सेवेसी" पुन्हा तैसेच खणखणीत निघाले. सगळ्यांनी मान डोलाविली. पंत कागद थैलीत घालून लखम्यास बोलिले, "चल, वर."

तो एक कोस चढ पंतांस त्या दिवशी लांब वाटला. आपण चाळीस पोत्यांवर मोहोर केली आणि एकही फोडून पाहिले नाही, हे त्यांच्या मनी पावलोपावली येत होते.

वरवाडीस विसाजी शाळेत होते. काळी थैली पाहून त्यांस काय ते कळले, परंतु पाणी आणवून दोघांस आधी प्यावयास दिले. पंत बोलिले, "माझी चाळिशी गेली. कोणी वाचील काय?" पोरे एकमेकांकडे पाहू लागली, आणि राहीने हात वर केला. पंतांनी काळ्या थैलीतला कागद काढिला, आणि बोटांनी मोहोर चाचपून तो मुद्दाम उलटा दिला. तिने पाहिला, सुलटा केला, आणि वाचू लागली. खडीच्या रस्त्यावर अनवाणी चालावे तैसे तिचे वाचणे, एकेक अक्षर पाहून पाय टाकणे. "मौजे वरवाडी... येथील पंतोजी विसाजी... यांचे शाळेचे माप... उणे भरले... सबब शेला..." आणि थांबली.

"पुढे दिसत नाही काय?" लखमा बोलिला.

"दिसते."

"मग?"

"दिसते म्हणूनच थांबले."

विसाजी हळूच बोलिले, "राही, शेवटपर्यंत वाच, बाळ. आपल्या मनाविरुद्ध आहे म्हणून अक्षर सोडू नये." तेव्हा तिने वाचिले, "सबब शेला उतरवून जासुदाचे हाती द्यावा, आणि शाळा सोडावी." एकही अक्षर सुटले नव्हते, ज्याने लिहिले तोच ऐकत होता.

पंतांनी विचारिले, "मुली, तू येथे केव्हापासून?"

"आश्विनापासून. आधी खालवाडीस होते. माप येणार ऐसे कळले तेव्हा रंगो पंतोजी बोलिले, तुझ्याने माझे कडे जाईल, तू वरवाडीस जा."

"आणखी कोणास ऐसे सांगितले?"

हात वर जाहले. पंतांस हात नीट दिसेनात, म्हणोन ते पोरांतून फिरले आणि राहीसकट एकेक हात धरून मोजिला. बारा. खालवाडीची जुनी पोरे बावन्न, त्यांतून बारा गेली, चाळीस राहिली. वरवाडीची अकरा, त्यांत बारा आली, तेवीस जाहली. आणि नावे विचारिली तो फाल्गुनात अडली ती हीच बारा. जन्मभर मापणारास बेरीज लागावयास वेळ लागला नाही, आणि ते पोरांच्या रांगेतच खाली बसले. तोवर विसाजींनी शेला काढून, घडी करून लखम्यापुढे धरिला. लखम्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मला नाही धरवत, पंत. माझे पोर असते तर मी येथेच घातले असते." पंत बोलिले, "घे. हुकूम हुजूरचा आहे, तो तुला मोडिता येत नाही आणि मलाही नाही. परंतु हुकुमाची पोच लिहून न्यावी लागते, आणि पोचेत काय लिहावे ह्याचे कलम मी अद्याप केलेले नाही." ऐसे म्हणोन बोरू आणि दौत राहीपुढे सरकविली. तिने पुष्कळ वेळ घेतला. मग पंतांस वाचून दाखविले: "हुकूम पावला. वाचिला. वाचावयास विसाजी पंतोजींनी शिकविले. आश्विनात मला अ सुद्धा येत नव्हता. राही, कोष्टियाची." पंतांनी ती पोच शेल्याच्या घडीत ठेविली आणि थैलीचे तोंड स्वतः बांधिले.

पुढील हकीकत थोडक्यात ऐशी. राणीसाहेबांनी पोच वाचिली आणि कुंकवाच्या कागदाशेजारी ठेविली. तिमाजीपंत बोलिले, "माप माझे होते, जोखीम माझी." त्या बोलिल्या, "तीच शिक्षा. नवे मापही तुम्हीच करा." मग ऐसे ठरले की पोर वर्षारंभी कोठे आहे आणि वर्षाअखेर कोठे आले, दोन्ही पाहावे, आणि वाचावयास कागद न पाहिलेला द्यावा. जे पोर कोणी घालवील ते घालविणाराच्याच मापी धरावे. शेला राहिला, कारण सरदारांस पुतणे अद्याप होतेच. परंतु उणा पडेल त्यास आधी वर्षभर शिकवावे, आणि तरीही उणाच राहिला तर मग उतरवावा. रंगो पंतोजी वर्षभर वरवाडीस पोरांत मांडी घालून बसले, त्यांस हळू बोलावयास फार जड गेले. तीनशे साठ शाळा एका वर्षात सुधारल्या, ऐसे कोणी सांगेल तर मानू नये. काही सुधारल्या. विसाजींस नवा जरीकाठी शेला आला, तो त्यांनी पेटीत ठेविला आणि जुनाच मागून घेतला, कारण नव्याची जर पोरांच्या नाकास टोचे.

परंतु हे सारे मागाहून. त्या दिवशी शेला घेऊन पंत आणि लखमा डोंगर उतरले, आणि हुकुमाप्रमाणे विसाजी शाळा सोडावयास उठले, जोडे घातले, उंबऱ्याशी गेले. पोरे रडत उठली. राही उठली नाही. तिने धूळपाटी पुढे ओढिली, तळव्याने धूळ सारखी केली, आणि बोटाच्या टोकाने सात ठिपके काढिले, त्याखाली आणखी सात, ऐशा सात ओळी, मग एकेका ठिपक्यावर बोट ठेवीत शेवटपर्यंत मोजीत गेली आणि बोलिली, "एकोणपन्नास." विसाजी उंबऱ्यावर थांबले. तिने वर पाहिले नाही. "पंतोजी, साती आठी राहिले आहे," ऐसे म्हणोन तिने खाली आठवी ओळ काढावयास घेतली.