पाठीवरची पिशवी आणि आपली माणसे

सृष्टीच्या प्रवासाची आखणी मी केली. तीत अन्य कोणाचाही हात नव्हता, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण आमच्या घरी सध्या त्याविषयी निरनिराळ्या हकिगती सांगितल्या जात आहेत.

सृष्टी ही माझी नात. पदवीची परीक्षा आटोपल्यावर तिने आणि तिची मैत्रीण पूनम हिने सोलापुरातून निघून विजापूर, बदामी, हंपी, हैदराबाद असा आठवड्याचा प्रवास ठरवला. पाठीवर एकच पिशवी, जी मिळेल ती साधी गाडी आणि मुक्काम मुलींच्या डॉर्मिटरीत. पैसे दोघींनी शिकवण्या घेऊन साठवलेले, त्यामुळे अंदाजपत्रक काटेकोर होते. (ते मी तपासले. एकही चूक सापडली नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.)

अडचण होती आदिनाथची, म्हणजे माझ्या मुलाची. "अनोळखी बायकांबरोबर एका खोलीत झोपायचं? नाही म्हणजे नाही!"

सृष्टी माझ्याकडे आली. "आजी, तू सांग की बाबांना. पुढच्या महिन्यात पुण्याला नोकरीवर हजर व्हायचंय. मग कुठलं जाणं होतंय?"

शाळेच्या सहली वर्षानुवर्षे मीच नेल्या होत्या. मी म्हणाले, "मुक्कामाचं माझ्यावर सोड. आपली माणसं असताना पैसे देऊन झोपायचं कशाला?"

"आजी, आपली माणसं नकोत."

हा मुद्दा मी विचारात घेतला नाही.

पहिला दूरध्वनी विजापूरला, माझ्या थोरल्या नणंदेला, केराबाईंना केला. त्या मूळच्या नातेपुत्याच्या. मुलाच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या.

"वैनी, पोरी लॉजवर ऱ्हानार? आन् आमी काय मेलो व्हय?"

"एका रात्रीचाच प्रश्न आहे, वन्सं."

"एका रात्रीला कुनी पावनं येतं व्हय? चार दिस ऱ्हाऊ द्या की! लई दिसांनी पोर येतीया."

हंपीच्या वाटेवर होस्पेटजवळ आमच्या शाळेचे निवृत्त चित्रकला शिक्षक संगप्पा राहतात. ते म्हणाले, "बाई, तुमची नात ती आमचीच नात की! त्या दिवशी घरात सत्यनारायण ठेवतो बघा. हंपी काय, कुठं पळून जात नाही." हैदराबादचा माझा मावसभाऊ मानसिंग आणखी पुढे गेला. "आक्का, निश्चिंत राहा. एक चांगला मुलगा बघून ठेवलाय. त्याला जेवायलाच बोलावतो. सृष्टीला कळणारसुद्धा नाही." (हा सगळा बेत मी सृष्टीला त्याच संध्याकाळी वाचून दाखवला.)

बदामीत आपले कोणीच निघाले नाही; तेव्हा मी बदामी वगळली.

मुक्कामाचा खर्च शून्यावर आला आणि आदिनाथने तत्काळ परवानगी दिली. मी समाधानाने झोपाळ्यावर बसले.

आता, कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाण्याची पद्धत आपल्यात नाही. सोलापूरच्या माणसाने तर चादरीशिवाय उंबरठा ओलांडूच नये, अशी इतरांची समजूत असते. म्हणून घरटी चादरींची एक जोडी घेतली. केराबाईंनी लेकीच्या सासरसाठी दोन जास्त सांगितल्या. संगप्पांच्या पत्नी शांतम्मा यांनी कडक भाकरी मागवल्या, "जरा जास्तच, शेजारी बी खातात". मानसिंगला शेंगांची चटणी हवी होती. त्याच्या सोसायटीलाही हवी होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पिशवी स्वतः भरली. सृष्टीने पट्ट्यांत हात घातले, उभी राहिली आणि संथपणे मागे जाऊन कॉटवर उताणी पडली. हातपाय वर होते.

"मालमोटार सांगू का?" आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रामागून विचारले.

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. "सवयीने जमेल. जरा पुढे झुकून चाल."

"आजी," सृष्टी छताकडे पाहत म्हणाली, "माझे कपडे कुठायत?"

"ते बसले नाहीत. पूनमच्या पिशवीत घाल."

"पूनमच्या पिशवीत भाकरी आणि चटणीचे डबे आहेत." ती पट्ट्यांतून हात सोडवून उठली. "विजापुरात चार दिवस, मग पूजा, मग कुणीतरी मुलगा. गोलघुमट कधी बघायचा? मी फिरायला निघालेय की वाटायला?"

"केराबाईंचे गुडघे दुखत नसतील, तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दाखवणार आहेत."

सृष्टीने पिशवी पुढ्यात घेऊन चादरी एकेक बाहेर काढल्या, नीट घडी घालून ठेवल्या आणि म्हणाली, "राहू दे आजी. मी जातच नाही." तिने आदळआपट केली असती तर मी रागावले असते. ती घड्याच घालत राहिली.

तेवढ्यात आदिनाथ आला. "एवढं काय जड आहे त्यात?" असे म्हणून त्याने पूनमसाठी भरलेली पिशवी एका हाताने उचलायला घेतली. पिशवी हलली नाही; त्याच्या कमरेत मात्र उसण भरली. त्याला आम्ही तिघांनी आडवे केले. त्या अवस्थेत मी त्याला विचारले, "मुलींच्या डॉर्मिटरीला आता तुझी हरकत आहे का?"

"आई, आधी मलम लाव," तो म्हणाला. "जाऊ दे त्यांना कुठं जायचं तिकडं."

आता आपल्या माणसांना कळवणे आले. मुली येत नाहीत, असे सांगितल्यावर कोणाचे मन दुखू नये, म्हणून तिघांनाही मी शेवटी म्हणाले, "आता तुम्हीच या आमच्याकडे." हे वाक्य आपल्याकडे निरोपादाखल बोलले जाते. त्यावर 'येऊ, येऊ' म्हणायचे असते, यायचे नसते.

"कवा येऊ?" केराबाई म्हणाल्या.

ठरले ते असे. सृष्टी आणि पूनम हलक्या पिशव्या घेऊन बदामीसह सर्व ठिकाणी जातील; याला आदिनाथने पडल्या पडल्या मान्यता दिली. त्याच आठवड्यात केराबाई लेकीला व तिच्या सासूला घेऊन, संगप्पा व शांतम्मा जोडीने आणि मानसिंग सहकुटुंब आमच्याकडे मुक्कामाला येतील. याला त्या सर्वांनी एकमताने संमती दिली. आमच्या ह्यांनीही सख्खी बहीण येणार म्हणून आनंदाने होकार दिला आणि नेमक्या त्याच दिवसांत अकलूजला मित्राच्या मळ्यावर जाण्याचे आपले फार पूर्वीच ठरले असल्याचे जाहीर केले.

माझी संमती कोणी विचारली नाही. यजमानीण मीच असल्यामुळे ती गृहीत धरण्यात आली.