पिवळे डबे

शनिवारी दुपारी अंबाजीने घरातला तेलाचा शेवटचा डबाही पातेल्यात रिकामा केला, तेव्हा शकुबाईचा धीर सुटला.

"आवो, मासा धरायचाय का तेलाचं दुकान लावायचंय?"

"उद्या गेणू व्याही येनार हायती. लेकीच्या लग्नात चार मान्सांत म्हनले, धरनाच्या काठाला ऱ्हाऊन ह्यांना कदी मासा गावला न्हाई. उद्या मी धरलेला शिंगाडा मासा त्यांच्या ताटात पडला पायजे. न्हाईतर मिशी उतरवीन!"

शकुबाईने मिशीकडे नीट पाहिले. फार काही नुकसान होणार नाही, असे तिला वाटले असावे. ती आत गेली.

अंबाजी जिद्दीला पेटला होता. त्याने रिकाम्या डब्यांची झाकणे घट्ट लावली, मुठीला नायलॉनची दोरी बांधली, दोरीला गळ आणि गळाला कोंबडीची आतडी. डबा बुडाला की मासा लागला! लांबून दिसावेत म्हणून पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला पिवळा रंग त्याने डब्यांना फासला. कुठल्या डब्याला मासा लागला ते कळावे म्हणून वर लाल आकडे काढले. संध्याकाळी टायरच्या ट्यूबवर बसून त्याने डबे पाण्यात सोडले, तेही दगड बांधून, एका रांगेत. अंबाजीला वेडेवाकडे काम खपत नसे.

सगळा घोळ इथेच झाला. मावळात पिवळ्यावर लाल आकडा दिसला की सरकारी मोजणी आली म्हणून माणूस आधी सातबारा शोधतो.

रविवारी सकाळी अंबाजी काठावर पोचला, तर अर्धे पवनानगर तिथे जमलेले. काठावर तंबू लावून पर्यटकांना राहायला देणारा बजरंग अर्धे तंबू उपटून घामाघूम झाला होता.

"सर्वे आलाय, भाऊ! पानी वाढवनार. ज्यानं हे डबे टाकलं, तो घावू दे नुसता, दगड बांधून बुडवतो!"

अंबाजीने उघडलेले तोंड मिटले.

"तुमी बोला, भाऊ," शेजारची झुंबरबाई पुढे झाली. "तुमची जमीन धरनात गेलीया."

तेवढ्यात जीप थांबली आणि खुद्द गेणू व्याही उतरले. आता तर माघार नाहीच. मासा वाचवायचा आणि जीवही. अंबाजी दगडावर चढून गरजला, "डब्यांना कुनी हात लावायचा न्हाई! पंचनामा झाल्याबिगर एक डबा हलनार न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सात नंबरचा डबा हलला. गपकन बुडाला, वर आला, परत बुडाला.

"खोली मोजतोय!" बजरंग ओरडला. "आत मशीन हाय! वढा भायेर!"

अंबाजी "पंचनामा, पंचनामा" करीत राहिला, पण बजरंगने पाण्यात उडी मारून डबा ओढत आणलाच. मागून हातभर लांबीचा मिशाळ शिंगाडा तडफडत काठावर आला. अंबाजीचा ऊर भरून आला. एवढा देखणा मासा त्याने बाजारातही पाहिला नव्हता.

सगळे माशाभोवती वाकले. आता कळणार, म्हणून त्याने डोळे मिटले.

"बगितलं?" बजरंगचा आवाज आला. "डबा फिरवाया जिता मासा जुपलाय! डिझेल वाचवत्यात!"

लोक खवळले. मासा पुरावा ठरला आणि बजरंगच्या बर्फाच्या पेटीत गेला. पेटीला कुलूप लागले. कृती समिती स्थापन झाली आणि एकमताने अंबाजी तिचा अध्यक्ष झाला.

दुपारी पानात पिठले पडले. अंबाजीला मान वर करवेना. पण गेणू व्याही मिटक्या मारीत होते.

"व्याही, मासा काय, कुनीबी धरतंय. तुमी सरकार धरलंत! आमच्या कुरवंड्यात समद्या गावाला सांगतो." मग ते जरा पुढे झुकले. "पर आता आपल्यातच म्हनून इचारतो. तुमाला खरंच कदी एकबी मासा गावला न्हाई?"

अंबाजीने पिठल्यात भाकरी बुडवली. जन्मात पहिल्यांदा गळाला मासा लागला होता, आणि तो सांगायची चोरी झाली होती.

"छ्या!" तो म्हणाला. "आपल्याला कुटं जमतंय ते?"