शेजारची कोरी सीट

शांततेला तिसरे मिनिट लागले होते. उचगावच्या त्या फरशी घातलेल्या अंगणात तीन माणसे आणि एक लाल गाडी, चौघेही एकमेकांकडे पाहायचे टाळत उभे होते. गोठ्यातल्या म्हशीने एकदा शेपूट हलवली. तेवढाच काय तो अभिप्राय.

"किती म्हणालात?" अखेर पूर्णिमाने विचारले.

"दोन लाख अठरा हजार किलोमीटर," उदयसिंहांनी पुन्हा सांगितले. वजन विचारल्यावर पैलवानाने सांगावे, तसे. "काटा फिरवलेला न्हाई, पावणं. जे हाय ते हाय."

"म्हणजे पृथ्वीला जवळजवळ साडेपाच फेऱ्या," धैर्यशील पुटपुटला.

"मग आता तिला बसू द्या की जरा," पूर्णिमा म्हणाली.

धैर्यशील राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये एकोणीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवत होता. त्वरण हा शब्द त्याने फळ्यावर हजारो वेळा लिहिला होता; अंगाला मात्र तो कधी लागला नव्हता. घर ते क्लास आणि क्लास ते घर एवढ्या अंतरात त्याच्या स्कूटरने चाळीसचा आकडा कधी ओलांडला नव्हता. रोज संध्याकाळी हातावरचा खडू झटकताना आपलेच आयुष्य बारीक पांढऱ्या धुळीसारखे खाली बसत चालले आहे, असे त्याला वाटे. टर्बो इंजिनाची ही परदेशी गाडी जाहिरातीत दिसली, आणि त्या धुळीत काहीतरी हलले.

पण तो निग्रही माणूस होता. सकाळी निघतानाच नवराबायकोचे ठरले होते: आज फक्त बघायची. कोणी कितीही गोड बोलले, चहा पाजला, तरी हो म्हणायचे नाही. त्याच्या खिशात एक वही होती आणि वहीत सदतीस प्रश्न. सदतीसांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय निर्णय नाही.

"प्रश्न पहिला," त्याने वही उघडली. "का विकताय?"

उदयसिंहांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. फौंड्रीचे सुटे भाग घेऊन आठ वर्षे ते हिच्यातून पुण्या-बेळगावला जात होते. "घरात कुणी बसत न्हाई हिच्यात. मी एकट्यानं किती फिरायचं, सांगा बघू."

"का बसत नाहीत?" पूर्णिमाने विचारले.

उदयसिंहांची नजर घराच्या दाराकडे गेली. आत कोणीतरी पातेले गरजेपेक्षा जरा जोरात ठेवले. "त्ये ऱ्हाऊ द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "पण इंजिनाचा दोष न्हाई. आईशप्पथ."

धैर्यशीलने वहीत लिहिले: उत्तर अपूर्ण. मग त्याने दार उघडून आत पाहिले. चालकाची सीट झिजून, एका माणसाच्या आकाराची होऊन बसली होती. शेजारची सीट मात्र कोरी होती. पाठीवरचे शोरूमचे प्लास्टिकसुद्धा निघालेले नव्हते. साडेपाच वेळा पृथ्वी फिरली होती, आणि शेजारी कोणी नव्हते. धैर्यशीलला क्षणभर गलबलून आले. मग त्याने वहीत 'सीट उत्तम' अशी नोंद केली.

"जावा की, एक चक्कर टाकून या," उदयसिंहांनी किल्ली दिली. "तुमची स्कूटर हाय हितं. मी येत न्हाई. मला बघवायचं न्हाई."

हमरस्त्यावर धैर्यशीलने जरासा पाय दाबला, आणि एकोणीस वर्षे फळ्यावर पडून राहिलेला शब्द एकाएकी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. झाडे मागे सरकली नाहीत. ती पुसली गेली. पूर्णिमाने दाराची कडी घट्ट धरली.

"डावीकडून टक् टक् येतंय," ती म्हणाली.

"ते माझं काळीज असेल."

"तुमचं डावीकडं खरं, पण मी तुमच्या डावीकडं बसलोय, आणि आवाज माझ्याबी डावीकडनं, चाकातनं येतोय."

त्याने गाडी कडेला घेऊन चौदाव्या प्रश्नापुढे फुली मारली. आणि सगळे तिथेच संपले असते; पण प्रश्न बाविसावा शिल्लक होता: गाडी आपल्या बोळात मावते का? माणसाने चिकाटी धरली की ती अशी ऐन वेळी नडते. राजारामपुरीचे बाकीचे रस्ते आखल्यासारखे सरळ, एकातून दुसऱ्यात निघणारे. धैर्यशीलचा बोळ तेवढा भिंतीशी संपणारा. गाडी अलगद आत शिरली आणि त्याच्या दारासमोर, भिंतीपासून चार हातांवर थांबली.

"मावली," तो समाधानाने म्हणाला. "आता मागं घेऊ आणि परत देऊन येऊ. विचार करायला आठवडा आहे."

त्याने रिव्हर्स टाकला. गाडी वीतभर पुढे गेली.

त्याने दांडा दाबून टाकला, ओढून टाकला, क्लच दोनदा मारून टाकला. दर वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये पडे आणि भिंतीकडे सरके. पाचव्या प्रयत्नाला भिंतीवरच्या 'येथे कचरा टाकू नये' मधले प्रत्येक अक्षर काचेएवढे मोठे झाले.

"थांबा आता," पूर्णिमा म्हणाली, "न्हाईतर भिंतीची पण चक्कर होईल. फोन करा त्यांना."

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

एवढ्यात बोळाच्या तोंडाशी फ्लेक्स छापण्याचे दुकान असलेला बाळासो धावत आला. "सर! सांगायचं न्हाई व्हय? लाल! आणि टर्बो!"

"अरे, बघायला आणलीय नुसती—"

"सगळ्यांनी बघितलीच की!" म्हणत बाळासोने चार बाजूंनी चार फोटो काढले आणि तो आला तसा पळाला.

दारात आक्का उभ्या होत्या. धैर्यशीलच्या आई. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिले, एकदा गाडीकडे, आणि एक अक्षर न बोलता त्या आत गेल्या. त्या न बोलता आत गेल्या की बाहेर काय घेऊन येतात, हे धैर्यशीलला लहानपणापासून ठाऊक होते.

"आक्का, ऐक की," ताट घेऊन आलेल्या आईला तो म्हणाला, "ही गाडी अजून—"

"अजून ओवाळली न्हाई, दिसतंय मला. पूर्णिमा, चार लिंबं आण गं. आणि नारळ."

"आक्का, गाडी आपली—"

"आपलीच की. मग काय शेजाऱ्याची ओवाळाय लागलोय मी?"

कुंकवाचे स्वस्तिक बॉनेटवर उमटले. देवासाठी आणलेला झेंडूचा हार पुढे बांधला गेला. नारळ फुटला, त्याच्या आवाजात धैर्यशीलचे तिसरे स्पष्टीकरण बुडाले. चार चाकांखाली चार लिंबे ठेवली गेली. मग आक्का पदर सावरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"तुझा बा म्हणायचा, दारात गाडी लागंल एक दिवस," त्या म्हणाल्या. "मी म्हणायचो, उगं बोलू नगासा. लागली बघ."

आता सांगायचे तर आताच. आणि आताच सांगणे अशक्य होते. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले. सदतीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

अर्ध्या तासाने बोळाच्या तोंडावर आठ फुटी फलक चढला. त्यावर लाल गाडी होती, आणि तिच्यावर रेललेला बारा वर्षांपूर्वीचा धैर्यशील, डोळ्यांवर संगणकाने चढवलेला गॉगल. खाली अक्षरे: 'रस्ता तोच, रुबाब नवा! धैर्यशील सरांचे नव्या गाडीबद्दल समस्त गल्लीतर्फे हार्दिक अभिनंदन.'

"बाळासो, उतरव तो," धैर्यशील कळवळून म्हणाला.

"लहान झाला व्हय? दुसरा मोठा टाकलाय छापायला. चौकात लावूया."

तेव्हा कुठे उदयसिंहांचा फोन आला. "म्हस धूत होतो, सर. काय झालं? रिव्हर्स? मुठीखाली कडं हाय बघा, त्ये बोटानं वर उचलायचं आणि मग टाकायचं. सांगायचं ऱ्हायलं की!"

आक्कांना उतरवून घेतले. "एक काम ऱ्हायलंय, आलो आम्ही," पूर्णिमाने त्यांना सांगितले, आणि ती नवऱ्याकडे वळली. "सरका तिकडं. मी चालवतो. तुमच्या हातानं भिंत पडायची."

तिचे माहेर बिद्रीचे. तिथल्या उसाच्या रस्त्यांवर जुन्या जीपवर तिचा हात बसला होता. लग्नानंतर तो हात स्कूटरच्या मागच्या कडीला धरून होता. तिने कडे उचलले, चारही लिंबे चिरडत गाडी एका दमात बोळाबाहेर काढली आणि उचगावच्या रस्त्याला लागल्यावर पाय दाबला. हारातल्या झेंडूच्या पाकळ्या काचेवरून उडू लागल्या. पूर्णिमाच्या डोळ्यांत काहीतरी पेटलेले होते.

"घ्यायची," पूर्णिमा म्हणाली.

"आक्कासाठी?"

"आक्कांचं नाव पुढं करू नका. मला पाहिजे."

"आणि ते टक् टक्?"

"करू दे की. सवय होईल."

"आठवडाभर विचार करायचा ठरलं होतं. प्रश्न अजून पंधरा—"

"वही हिकडं आणा."

त्याने वही दिली. तिने एका हाताने काच खाली केली, आणि सदतीस प्रश्न उचगावच्या रस्त्यावर वाऱ्याच्या स्वाधीन झाले. धैर्यशीलने मागे वळून पाहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादे उत्तर रीत न लिहिता मिळाले होते.

अंगणात गाडी थांबली तेव्हा उदयसिंह पुढे झाले आणि मध्येच थबकले. स्वस्तिक, हार, टायरांना चिकटलेल्या लिंबाच्या साली. ते एकेक गोष्ट पाहत राहिले. तेवढ्यात घरातून त्यांची बायको अनुजा बाहेर आली. पदराला हात पुसत तिने गाडीभोवती एक पूर्ण फेरी घातली.

"कुणी ओवाळली वो ही?"

"आमच्या सासूबाईंनी," पूर्णिमा म्हणाली.

"नारळ फोडला?"

"फोडला. लिंबं पण घातली चाकाखाली."

अनुजाने नवऱ्याकडे बोट केले. "ह्यांनी हिला अमावस्येला आणली. त्या दिवशी गिऱ्हाईक न्हाई म्हणून शोरूमवाल्यानं सूट दिली, आणि ह्ये भुलले. मी ताट घेऊन दारात उभा, तर म्हणतात, उशीर झालाय, पुण्याला माल पोचवायचाय. मी म्हटलं, ओवाळल्याबिगर मी पाय ठेवणार न्हाई. आणि ह्यो माणूस म्हणतोय, गाडीला काय कळतंय? आठ वरसं झाली. त्यांनी म्हटलं न्हाई 'ओवाळ', आणि मी बसलो न्हाई."

उदयसिंह खाली फरशीकडे पाहत होते.

अनुजाने चप्पल काढून दारापाशी ठेवली. घरात जाऊन ती दुसरी, नवी घालून आली. मग तिने शेजारचे दार उघडले, पाठीवरचे प्लास्टिक एका झटक्यात ओढून काढले, त्याची घडी करून ती गोठ्याच्या कठड्यावर ठेवली, आणि ती आत बसली. सीट थोडी पुढे घेतली. पदर सारखा केला. समोरच्या काचेतून, झेंडूच्या हारावरून, तिने फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिले.

"लई खाली हाय," ती म्हणाली. "पण बरी हाय."

पूर्णिमाच्या तळहातावर किल्ली होती. तिने ती मूठ मिटून घेतली. "दादा," ती ठामपणे म्हणाली, "आमचं ठरलंय. तुम्ही सांगाल त्या भावात. आजच कागद करूया."

धैर्यशीलच्या खिशात फोन वाजला. पलीकडून बाळासोचा आवाज अंगणभर ऐकू आला, "सर, चौकातला बोर्ड चढला! बारा फुटी! पेढे कधी वाटताय, गल्ली विचाराय लागलीया!"

धैर्यशीलने फोन बंद केला. घसा खाकरला. एकोणीस वर्षे पोरांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखा झाला. "उदयसिंह, तुम्ही देताय ना गाडी?"

"आता एकटा कुठं हाय मी, सर?" म्हणत उदयसिंहांनी हात पुढे केला. पूर्णिमाची मूठ कशी उघडली हे तिलाही कळले नाही. किल्ली घेऊन, पायातल्या चपलेची माती फरशीवर दोनदा झटकून, ते चालकाच्या दाराकडे चालू लागले.