नळ बंद, पंप चालू

"नळ बंद आहे ना?"

"बंद."

"मग पंप का वाजतोय, बाबा?"

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला घरात सगळे 'चौकशी' म्हणत. ती नववीत होती आणि आजवर तिच्या प्रश्नांनी दोन शिक्षकांना, एका दाताच्या डॉक्टरला आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला घाम फोडला होता. आज पाळी बाबांची होती. अंगणात उभ्या केलेल्या फिरत्या घरात, सिंकखालच्या कपाटात डोकं खुपसून ते आडवे झाले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते, आणि पायांना काही उत्तर देता येत नव्हतं.

हे फिरतं घर बाबांनी जुनं विकत घेतलं होतं. गाडीच्या मागे जोडायचं आणि निघायचं! आत ओटा, सिंक, इवलंसं न्हाणीघर, बसायला बाक, आणि मागच्या टोकाला पडद्याआड उंचावर झोपायची एक फळी. आई मात्र त्याला 'डबा' म्हणायची. कारण पहिल्याच सहलीत डब्यात कुठूनतरी पाणी गळलं होतं आणि सकाळी आई तिच्या नव्याकोऱ्या गादीसकट तळ्यात जागी झाली होती.

म्हणून यंदा तिने निक्षून सांगितलं होतं, "आज संध्याकाळच्या आत गळती बंद झाली तर उद्या समुद्रावर. नाहीतर सरळ आत्याकडे."

चौकशीने समुद्र अजून पाहिला नव्हता. आत्याकडची फरशी न् फरशी मात्र तिला पाठ होती. तेव्हा प्रश्न जिवाचाच होता म्हणा ना.

"नळ उघडला की पंप चालू होतो, बंद केला की थांबतो," कपाटातून बाबांचा आवाज आला.

"हो, पण का थांबतो?"

"नळीत पाणी गच्च भरलं की थांबतो."

"आणि नळीतून थेंब थेंब निसटत असेल तर?"

पाय जरा वेळ विचारात पडले.

"तर... तर तो परत भरायला लागेल."

"म्हणजे पंप चुगली करतोय!" चौकशी टुणकन उडाली. "नळ बंद असताना घुर्र केलं, की समजायचं कुठेतरी गळतंय!"

मग काय! तिने नळीच्या प्रत्येक जोडावर टिश्यू पेपर गुंडाळला. ज्याचा कागद ओला, तो चोर. दाराशी उभे असलेले आजोबा म्हणाले, "तुमचं चालू द्या. इथे पाय ठेवायला जागा नाही, मी जरा पाय मोकळे करून येतो." आणि काठी टेकत ते निघून गेले.

सिंकखालच्या वळणावरचा कागद ओला झाला. चोर सापडला! आतला वॉशर झिजून पार चपटा झाला होता. बाबांनी नवा बसवला, पांढऱ्या टेपचे वेढे दिले, हलक्या हाताने आवळलं. पंपाने एकदा घुर्र केलं आणि तो गप्प बसला. बापलेक आईला बोलवायला घरात पळाले.

आई मटारच्या शेंगा घेऊनच आली. "मी आता इथे शेंगा सोलत बसते. तेवढ्यात पंप वाजला नाही, तर समुद्र."

एवढ्यात मामाही आला. हा आईचा धाकटा भाऊ. त्याला जगातलं सगळं कळायचं, फक्त कुठे थांबायचं तेवढं सोडून. त्याच्या हातात हातभर लांबीचा पाना होता.

"भावोजी, मला का नाही बोलावलंत?"

"म्हणूनच," बाबा पुटपुटले.

शेंगा सोलल्या जात होत्या. चौकशीने श्वास रोखून धरला होता. टोपलीचा तळ दिसायला लागला आणि...

घुर्रर्र.

"आत्याला फोन करू?" आई म्हणाली.

"थांब!" चौकशी कागद तपासत धावली. सिंकखालचा कोरडा. न्हाणीघरातला कोरडा. टाकीजवळचा कोरडा. सगळे कागद ठणठणीत कोरडे, आणि तरी घुर्रर्र!

"आतल्या आत गळतंय," मामाने निदान केलं आणि पाना उचलला. "जोड सैल आहेत सगळे."

"अरे हळू, प्लॅस्टिकचे आहेत ते—"

कट्! न्हाणीघरातल्या जोडाची चकती तडकली आणि पाण्याची चिळकांडी थेट बाबांच्या कानात शिरली.

"बघा! गळती सापडली!" मामा अभिमानाने म्हणाला.

बाबांनी पंपाचं बटण बंद केलं. पाणी थांबलं.

घुर्रर्र.

"बटण बंद आहे," चौकशी हळूच म्हणाली.

"वायरीत थोडा करंट उरतो," मामा म्हणाला.

बाबांनी बॅटरीच सोडवली, उचलली आणि अंगणात लख्ख ऊन पडलं होतं तिथे नेऊन ठेवली. चौघेही दारातून तिच्याकडे टक लावून बघत राहिले. बॅटरी तिथे गप्प बसली होती. आणि पाठीमागून, अगदी समाधानाने, घुर्रर्र.

"देवाऽ," आई म्हणाली, "हा डबा झपाटलेला आहे!"

मामाच्या हातातून पाना गळाला. आता तोच काय तो गळायचा राहिला होता.

चौकशीच्या मात्र अंगात आलं होतं. पाणी नाही, वीज नाही, मग वाजतंय काय? तिने स्टीलचा पेला घेतला, त्याचं तोंड भिंतीला लावलं आणि बुडाला कान. ओट्याजवळ आवाज बारीक. बाकाजवळ मोठा. मागच्या पडद्याजवळ तर पेला थरथरायला लागला. तिने पडदा सर्रकन ओढला.

वरच्या फळीवर आजोबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. काठी छातीवर आडवी.

"आजोबा! तुम्ही तर पाय मोकळे करायला गेला होतात ना?"

आजोबांनी एक डोळा उघडला. "निघालो होतो गं. घराला वळसा घालून परत आलो, तर इथे कुणी नाही आणि वाटेत गादी लागली."

आई आधी ओठ चावत राहिली, मग ओढणी तोंडात कोंबून जी हसत सुटली, की मटार डब्यात चहूकडे पसरले. "चला," ती डोळे पुसत म्हणाली, "पंप निर्दोष आहे. जाऊ समुद्रावर."

"आणि ती तडकलेली चकती?" चौकशीने विचारलं.

"नवीन कशाला? टेप आहे ना!" मामाने तिला फ्रॅक्चर झाल्यासारखी टेप गुंडाळली. आनंदाच्या भरात कुणी परत कागद लावून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्र दिसला. चौकशीने त्याला पहिल्या दमात इतके प्रश्न विचारले की लाटासुद्धा मागे सरकल्या असतील. पाण्यात डुंबून, जेवून, टाकी काठोकाठ भरून आणि पंपाची बॅटरी परत जोडून रात्री सगळे डब्यात लवंडले. आईने तिची नवी गादी खाली अंथरली. मागचा पडदा ओढलेला होता.

घुर्रर्र.

चौकशीने डोळे उघडले. "आई, हा आवाज..."

"झोप गं. आजोबा आहेत."

घुर्रर्र. जरा वेळाने परत घुर्रर्र.

"काय छान लागलीय झोप त्यांना," बाबा कुशीवर वळत पुटपुटले.

चौकशीला पडद्यापर्यंत जाऊन बघावंसं वाटलं. पण पाय दमले होते, उशी मऊ होती, आणि आवाज तर ओळखीचाच होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिने चौकशी केली नाही.

सकाळी तिला जाग आली ती आईच्या किंकाळीने. बाबांची चप्पल तरंगत तरंगत बाकाखालून निघाली होती. मामाची तिच्या मागे होती. आई गादीसकट तळ्यात बसली होती.

तेवढ्यात दार उघडलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले आजोबा, ओंजळीत शिंपले घेऊन, पायरीवर उभे होते. पाय चांगले मोकळे करून आले होते.

त्यांनी आत पाहिलं, मग मागे वळून समुद्राकडे पाहिलं.

"अरेच्चा," ते म्हणाले, "मी तिकडे भेटायला गेलो, आणि हा इकडे आला होय?"