सशाचा चेंडू आणि प्रौढयोग्यता समिती

संध्याकाळच्या प्रौढ इंग्रजी वर्गात एक गंभीर बाब उघडकीस आली होती. सशाचा चेंडू हरवला होता.

वर्ग प्राथमिक शाळेच्या खोलीत भरायचा. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे विद्यार्थ्यांचे गुडघे हनुवटीशी सलगी करायचे. पुस्तकही मुलांचंच. त्यातला ससा पानोपानी ‘व्हेअर इज माय बॉल?’ असं विचारत कधी पलंगाखाली, कधी टोपलीत डोकावायचा. पहिल्या बाकावरचे लिफ्टवाले काका त्याच्याबरोबर अगदी जीव टाकून शोधायचे. त्यांनी जन्मभर लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सोडवली आणि आता स्वतःच अडकले होते. मुलगा दूरदेशी, सुनेला आणि चिमुरड्या नातीला फक्त इंग्रजी येतं. फोनवर नात चिवचिवायची आणि काका नुसतं ‘हो गं, हो गं’ करायचे. या सुट्टीत ती पहिल्यांदाच घरी येणार होती.

“बाई,” काका म्हणाले होते, “पोर दारात येईल आणि मी मुक्यासारखा उभा राहीन. तेवढं होऊ देऊ नका.”

बाईंनी शब्द दिला होता.

पण मागच्या बाकावर एक निवृत्त हेडक्लार्क बसायचे. एके दिवशी ते गुडघे सोडवत उठले. “बाई, उभी हयात मी साहेबांच्या फायली शोधल्या. आता उतारवयात सशाचा चेंडू शोधू? हा प्रौढांचा अपमान आहे.”

बाईंना वाटलं, बोलतात ते काही अगदीच खोटं नाही. आणि इथेच त्यांची बुद्धी फिरली. सरळ दुकानात जाऊन चार बरी पुस्तकं चाळायची सोडून त्यांनी शिक्षण खात्यातल्या साहेबांकडे लेखी मागणी केली. ‘प्रौढांसाठी योग्य पुस्तक मिळावे.’

साहेबांनी तत्परता दाखवली. योग्य पुस्तक मिळेपर्यंत अयोग्य पुस्तक जप्त! शिपाई आला आणि गठ्ठा उचलून घेऊन गेला. काकांचं नेमकं शेवटचं पान राहिलं होतं.

“बाई, चेंडू सापडला का हो?”

“विषय वर गेलाय, काका,” बाई म्हणाल्या. त्यांनाच कसंसं झालं.

मग प्रौढयोग्यता समिती नेमली गेली. साहेब अध्यक्ष, आणि तक्रारीचा अनुभव असल्यामुळे हेडक्लार्क सदस्य. बाईंना माहिती पुरवण्यासाठी बोलावलं होतं, मात्र बोलण्यासाठी नाही. समितीने बाजारातलं एकेक पुस्तक मागवून तपासायला घेतलं.

“ससा काढा,” हेडक्लार्क म्हणाले. “बालिश प्राणी आहे.”

“गाढव चालेल?” बाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “कुणाला उद्देशून आहे असं वाटेल. प्राणी सरसकट नकोत.”

मग उड्या मारणं गेलं, कारण डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय प्रौढाने उडी मारणं धोक्याचं. धावणं गेलं, त्यापाठोपाठ बॉलही गेला. आई गेली, कारण काही विद्यार्थ्यांची हयात नसेल आणि भावना दुखावतील. ‘हॅपी’ या शब्दावर बराच खल झाला. प्रौढ माणूस हॅपी असणं संशयास्पद आहे, तो फार तर ‘सॅटिस्फॅक्टरी’ असावा, असं एकमताने ठरलं. अशा रीतीने जगातली सगळी पुस्तकं नापास झाली.

“साहेब, काकांची नात येऊन ठेपलीये,” बाई काकुळतीला आल्या.

“म्हणूनच घाई करून चालणार नाही. अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! अस्सल प्रौढ इंग्रजी आपल्याच कपाटात आहे.” साहेबांनी जुन्या परिपत्रकांची चळत काढून धूळ झटकली.

“हे कुणाला कळतं?” बाईंनी विचारलं.

“कुणालाच नाही,” साहेब अभिमानाने म्हणाले. “दर्जा म्हणतात तो हाच.”

वर्गात परिपत्रकं सुरू झाली. हेडक्लार्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना माहेरी आल्यासारखं वाटत होतं. काकांच्या डोळ्यांतही पाणी आलं, ते निराळ्या कारणाने. पण माणूस जिद्दीचा. दुरुस्तीला काढलेल्या लिफ्टखाली उताणे पडून त्यांनी ‘विथ रेफरन्स टू’ घोकलं.

नात आली त्या दिवशी त्यांनी बाईंना धीरासाठी घरी बोलावलं. पोर दारात उभी राहिली, लाल मोजे, बोट तोंडात. काकांनी घसा साफ केला.

“रिस्पेक्टेड मॅडम, विथ रेफरन्स टू युवर अरायव्हल, द अंडरसाइन्ड इज सॅटिस्फॅक्टरी.”

पोर आईच्या पाठीमागे दडली. मुलाने ओशाळून मोबाइल काढला. काकांचा चेहरा असा उतरला की बाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि त्या समितीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

तेवढ्यात काकांनी खिशातला रुमाल काढला, गाठी मारमारून त्याचा गोळा केला आणि पलंगाखाली भिरकावला. मग गुडघ्यांवर बसून, अगदी रडवेल्या सशासारखे म्हणाले, “व्हेअर इज माय बॉल?”

एक डोळा आईच्या पाठीमागून बाहेर आला. मग दुसरा. पुढच्याच क्षणी आजोबा आणि नात दोघंही पलंगाखाली होती. नुसते चार पाय बाहेर आणि आत खिदळणं. टोपली झाली, दारामागचं झालं, पुन्हा पलंग झाला. खेळाच्या भरात काका स्वतःला ‘आजोबा’ आणि बॉलला ‘चेंडू’ म्हणत गेले. संध्याकाळी पलंगाखालून आरोळी आली, “आजोबा, चेंडू! चेंडू!”

बाईंना रडू फुटलं. तेवढ्यात मुलाच्या कपाळाला आठी पडली.

“बाबा, प्लीज. तिला हे शब्द नका शिकवू. गोंधळते ती. इतक्या मेहनतीने आम्ही घरात एकच भाषा ठेवलीये.”

बाई संतापल्या. जीभ वळवळली, पण दुसऱ्याच्या घरातली बाब म्हणून चपला घालून निघाल्या. वाटेत चालताना मात्र त्यांच्या लक्षात आलं की आजोबांसाठी अख्खी समिती पुस्तक शोधत बसली होती. नातीसाठी एक साधं आपल्या भाषेतलं पुस्तक शोधावं, हे कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनाही नाही.

समितीने काकांच्या यशाचं श्रेय परिपत्रकांना दिलं आणि ‘बॉल’ हा वर्ज्य शब्द काकांकडे राहिलाच कसा, याची चौकशी लावली. बाईंना खुलासा द्यावा लागला.

वाचकहो, त्या मुलाचा राग आला ना? यायलाच हवा. आता एवढंच करा. आपल्या घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराला हाक मारा, त्याच्यापुढे चेंडू धरा आणि विचारा, हे काय आहे? उत्तर येईलच, हुशारच आहे ते. फक्त कौतुकाने टाळ्या वाजवायच्या आधी, ते कुठल्या भाषेत आलं तेवढं ऐका.